डब्लिनचा मैल, ऑस्लोची स्ट्रॉबेरी

६ ऑगस्ट १९५८, बुधवार. डब्लिनच्या उत्तरेला सँट्री नावाच्या भागात त्याच वर्षी नवे मैदान तयार झाले होते. त्या संध्याकाळी तिथे एक मैलाची शर्यत सुटली. ऑस्ट्रेलियाचा ॲल्बी थॉमस पहिल्या पावलापासून सुसाट निघाला आणि त्याने निम्म्या शर्यतीपर्यंत कोणाला दम खाऊ दिला नाही. मग त्याचाच देशबांधव हर्ब एलियट पुढे सरसावला. वय वीस. त्याने ३ मिनिटे ५४.५ सेकंदांत मैल संपवला. आधीचा विश्वविक्रम इंग्लंडच्या डेरेक इबटसनचा होता, ३ मिनिटे ५७.२ सेकंदांचा. २.७ सेकंदांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण त्या वेगाने धावणारा माणूस तेवढ्या वेळात अठरा मीटर कापतो.

दुसरा आलेला मर्व्ह लिंकन ३:५५.९ मध्ये पोहोचला, म्हणजे जुना विक्रम त्यानेही मोडला आणि तरी तो हरला. तिसरा आयर्लंडचा रॉन डिलेनी, चौथा न्यूझीलंडचा मरे हॅलबर्ग, दोघांची वेळ ३:५७.५. पाचवा थॉमस, ३:५८.६. चार मिनिटांच्या आत मैल धावणे माणसाला शक्य आहे की नाही, यावर अवघ्या चार-साडेचार वर्षांपूर्वी गंभीर चर्चा होत असे. आता एकाच शर्यतीत पाच जण ती रेषा ओलांडून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच धावपट्टीवर पाचव्या क्रमांकाच्या थॉमसने दोन मैलांचा विश्वविक्रम केला, ८ मिनिटे ३२ सेकंद.

तेव्हाच्या आयर्लंडची लोकसंख्या तीस लाखांच्या आत होती. देश गरीब होता, तरुण पोरे बोटीत बसून इंग्लंड-अमेरिकेला निघून जात होती. अशा देशात जगातले हे पाच सर्वोत्तम धावपटू एका संध्याकाळी आले कसे?

ते आणणाऱ्याचे नाव बिली मॉर्टन. व्यवसायाने चष्मेवाला, आणि क्लॉनलिफ हॅरियर्स या धावपटूंच्या क्लबचा खटपट्या कार्यकर्ता. मैदान उभे राहावे म्हणून वर्षानुवर्षे पैसे गोळा करणारा हाच आणि धावपटूंना गळ घालणाराही हाच. त्याच्याजवळ द्यायला पैसा नव्हता. असता तरी देता आला नसता, कारण तो काळ कडक हौशी नियमांचा होता. मॉर्टनने पाहिले ते कॅलेंडर. १८ ते २६ जुलै १९५८ या दिवसांत वेल्समधल्या कार्डिफला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा होत्या. एलियट, लिंकन, थॉमस, हॅलबर्ग सगळे अर्धी पृथ्वी ओलांडून आधीच तिथे आलेले. कार्डिफहून डब्लिन म्हणजे मधे एक छोटा समुद्र. शिवाय घरचा माणूस तयार होता. डिलेनी १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला १५०० मीटरचा सुवर्णविजेता. ज्याने मेलबर्नमध्ये येऊन सुवर्ण नेले, त्याला त्याच्या अंगणात हरवण्याची संधी ऑस्ट्रेलियन धावपटू सोडतील कशाला?

आपल्याकडे यात्रेतल्या कुस्ती मैदानाची ज्यांना सवय आहे, त्यांना मॉर्टनचे कसब लगेच उमगेल. हजार-दोन हजार वस्तीच्या गावाची यात्रा कमिटी कोल्हापूरच्या तालमीतला नामांकित पैलवान आणते ती नुसत्या इनामाच्या जोरावर नव्हे. मोठा पैलवान आधी विचारतो, जोड कोणाशी लावली आहे? जोड तोलामोलाची असेल तर तो येतो, आणि त्याच्यासाठी पंचक्रोशीही येते. ट्रॅकवर याहून वेगळे काही घडत नाही. छोट्या देशांतल्या अशा स्पर्धांच्या यशाची गुरुकिल्ली म्हणून पैसा, प्रसिद्धी, पर्यटन अशी बरीच नावे सांगितली जातात. माझ्या मते पहिले काम जोड लावण्याचे आहे. पैसा त्यानंतर येतो.

याचा पुरावा मैलाच्या विक्रमातच आहे. रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला चार मिनिटांची भिंत पाडली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्याआधी ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी घरच्या मैदानांवर चार मिनिटे दोन सेकंदांच्या आसपास पुन्हा पुन्हा येऊन थडकत होता. पण तिथे त्याला जोडच नव्हती. बहुतेक शर्यतींत तो सुरुवातीपासून एकटा पुढे, मागे मोकळी धावपट्टी. शेवटी तो फिनलंडला गेला. २१ जून १९५४ रोजी तुर्कू या बंदराच्या शहरात त्याच्या मागे ख्रिस चॅटवे लागला, तोच चॅटवे ज्याने सहा आठवड्यांपूर्वी बॅनिस्टरला वेग देण्याचे काम केले होते. शेवटच्या फेरीपर्यंत चॅटवेने पाठ सोडली नाही, आणि लँडीने ३ मिनिटे ५८ सेकंदांत बॅनिस्टरचा विक्रम मोडला. मेलबर्नमध्ये महिनोन्‌महिने न सुटलेली गाठ फिनलंडच्या एका संध्याकाळी सुटली.

एलियटचा डब्लिनमधला विक्रम २७ जानेवारी १९६२ रोजी तुटला, तोही न्यूझीलंडच्या वाँगानुई या छोट्या शहरात, गवताच्या धावपट्टीवर. पीटर स्नेल, ३:५४.४. फरक एक दशांश सेकंदाचा. त्या शर्यतीत इंग्लंडचा अनवाणी धावणारा ब्रूस टुलो होता. युरोपात बर्फ असताना दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा असतो. उत्तरेकडच्या धावपटूला जानेवारीत दुसरीकडे कुठे अशी शर्यत मिळणार? इतरांचा मोसम बंद असतो तेव्हा आपला चालू असणे हेही भांडवलच. पुढे १९७५ मध्ये जॉन वॉकरने ३:५०च्या आत पहिल्यांदा मैल धावला तो स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये. १९७९, १९८० आणि १९८५चे विक्रम ऑस्लोचे, १९८१ मधला एक झ्युरिकचा. या यादीत लंडन आणि रोमही आहेत, पण ऑलिंपिकच्या अंतिम फेऱ्या कुठेच नाहीत. याचे एक साधे कारण म्हणजे ऑलिंपिकमध्ये मैल धावतच नाहीत, १५०० मीटर धावतात. दुसरे कारण अधिक खोल आहे. ऑलिंपिकमध्ये जिंकायचे असते, त्यामुळे सगळे एकमेकांकडे पाहत सावध पळतात. एका संध्याकाळच्या आमंत्रितांच्या स्पर्धेत घड्याळ हाच प्रतिस्पर्धी करता येतो, आणि ती सोय करणे आयोजकाच्या हातात असते.

ही सोय सर्वांत मन लावून केली ती ऑस्लोने.

ऑस्लोतले बिस्लेट मैदान १९२२चे. हिवाळ्यात तिथे बर्फ गोठवून स्केटिंग चालायचे. १९५२च्या हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन तिथेच झाले. जुने बिस्लेट चहूबाजूंनी इमारतींनी घेरलेले होते. धावपट्टी सहाच पट्ट्यांची, आणि प्रेक्षक इतके जवळ की बाहेरच्या पट्टीतल्या धावपटूला त्यांचे श्वास ऐकू यावेत. लोक पुढच्या जाहिरातफलकांवर तळहात आपटून ताल धरत. धावपटू ज्या वळणावर, तिथला आवाज वाढे, आणि तो आवाज त्याच्याबरोबर मैदानभर फिरे. नॉर्वेचा उन्हाळा म्हणजे रात्री दहाला सुद्धा उजेड, हवा थंड, वारा बऱ्याचदा पडलेला. लांब पल्ल्याच्या धावपटूला याहून अधिक काय हवे?

१९६५ मध्ये ऑस्लोच्या क्लबांनी एकत्र येऊन ‘बिस्लेट गेम्स’ सुरू केल्या. त्याच वर्षी १४ जुलैला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क तिथे १०,००० मीटर धावला. मान्य झालेला विक्रम त्याचाच होता, २८ मिनिटे १५.६ सेकंद. त्या रात्री घड्याळ थांबले २७ मिनिटे ३९.४ सेकंदांवर. एका शर्यतीत छत्तीस सेकंदांहून अधिक सुधारणा, आणि २८ मिनिटांच्या आत येणारा जगातला पहिला माणूस. क्लार्कला ऑलिंपिक सुवर्ण कधीच मिळाले नाही. टोकियोचे एक कांस्य एवढीच त्याची ऑलिंपिक कमाई. ऑस्लोची ती रात्र नसती तर आज त्याचे नाव कितीजणांना माहीत असते, असा प्रश्न मला पडतो. छोटी स्पर्धा मोठ्या खेळाडूला काय देऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

बिस्लेटचे अनेक वर्षांचे संचालक आर्ने हाउकविक. स्पर्धेच्या आधी ते जगभरच्या धावपटूंना, प्रशिक्षकांना आणि पत्रकारांना आपल्या घरच्या बागेत स्ट्रॉबेरी खायला बोलवत. नॉर्वेजियन स्ट्रॉबेरीचा मोसम आणि शर्यतीचा मोसम एकच. ही मेजवानी पुढे स्पर्धेइतकीच प्रसिद्ध झाली. महिनाभर हॉटेलच्या खोल्यांतून राहणाऱ्या, विमानतळावरून मैदान आणि मैदानावरून विमानतळ एवढेच युरोप पाहणाऱ्या विशीतल्या पोरांना कुणाच्या तरी घरी बसून खायला मिळणे, यजमानाने नावानिशी विचारपूस करणे, याची किंमत आयोजकांच्या हिशेबवहीत लिहिता येत नाही. मात्र पुढच्या वर्षी फोन केला की पलीकडून ‘येतो’ असे उत्तर येते.

अर्थात नुसत्या स्ट्रॉबेरीवर विक्रम होत नाहीत. ५ जुलै १९७९ रोजी सेबॅस्टियन को बिस्लेटवर ८०० मीटर १:४२.३३ मध्ये धावला. बारा दिवसांनी तो परत आला आणि मैल ३:४८.९५ मध्ये धावला, तेव्हा त्या शर्यतीत वॉकर, अमेरिकेचा स्टीव्ह स्कॉट, आयर्लंडचा एमन कॉग्लन अशी मातब्बर मंडळी होती. पुढच्या वर्षी १ जुलैला तर विलक्षण प्रकार घडला. को आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी स्टीव्ह ओव्हेट दोघेही त्या संध्याकाळी बिस्लेटवर होते. मॉस्को ऑलिंपिक तोंडावर आलेले, त्यामुळे एकमेकांसमोर उभे राहायला दोघेही तयार नव्हते. आयोजकांनी दोघांना वेगवेगळ्या शर्यती दिल्या. को १००० मीटर धावला, २:१३.४० चा विश्वविक्रम केला आणि ८००, १०००, १५०० मीटर व मैल असे चारही विक्रम त्याच्या नावावर जमा झाले. तासाभरात ओव्हेटने मैल ३:४८.८ मध्ये संपवून त्यातला एक काढून घेतला. जोड लागत नसेल तर दोन बाजूंना दोन घड्याळे लावून द्यायची, हाही आयोजनाचाच डाव.

वेग देणाऱ्या धावपटूचे, म्हणजे पेसमेकरचे काम समजून घेण्यासारखे आहे. कोणाच्या तरी मागे धावताना वाऱ्याचा अडसर कमी होतो, हा एक फायदा. मोठा फायदा डोक्याचा. वेग किती ठेवायचा याचा विचार दुसरा करतो आणि मागच्याने फक्त त्याच्या पाठीवर नजर ठेवायची असते. पेसमेकरला त्याचे पैसे मिळतात, ठरलेल्या अंतरापर्यंत ठरलेल्या वेळेत पोहोचवून तो बाजूला होतो. १९८१ मध्ये बिस्लेटवर अमेरिकेचा टॉम बायर्स १५०० मीटरमध्ये हेच काम करत होता. मागचे दिग्गज जरा जास्तच मागे राहिले. बायर्सच्या लक्षात आले की अंतर खूप आहे. तो थांबलाच नाही आणि अर्ध्या सेकंदाने ओव्हेटच्या आधी पोहोचला. आता अनेक ठिकाणी धावपट्टीच्या आतल्या कडेला दिव्यांची रांग असते. ठरवलेल्या वेगाने उजेड पुढे सरकत जातो. त्याने विक्रम वाढले हे खरे, पण दिवा जोडीला धावतो म्हणून जोड होत नाही.

ऑस्लोचे जे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, ते स्त्रियांच्या शर्यतींचे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी १०,००० मीटर आले १९८८ मध्ये आणि ५००० मीटर थेट १९९६ मध्ये. त्याआधी या अंतरांच्या उत्तम धावपटूंनी जायचे कुठे? बिस्लेटने त्यांना शर्यत दिली. २८ जून १९८४ रोजी नॉर्वेची इंग्रिड क्रिस्टियानसेन तिथे ५००० मीटर १४:५८.८९ मध्ये धावली; पंधरा मिनिटांच्या आत येणारी ती जगातली पहिली स्त्री. २७ जुलै १९८५ रोजी तिने १०,००० मीटर ३०:५९.४२ मध्ये पूर्ण केले, एकतीस मिनिटांच्या आत येणारीही पहिलीच. त्याच रात्री सईद औइताने ५००० मीटरचा विक्रम एका शतांश सेकंदाने मोडला आणि स्टीव्ह क्रॅमने मैलाचा, ३:४६.३२. एका मैदानावर, एका रात्रीत तीन विश्वविक्रम. परदेशी पाहुणे आणण्यात घरच्यांची उपेक्षा होते, अशी ओरड सर्वत्र ऐकू येते. बिस्लेटचा इतिहास नेमका उलट सांगतो. पाहुण्यांमुळे मैदान भरले, आणि भरलेल्या मैदानाने घरच्या मुलीला जगाच्या पुढे नेले. १ जुलै २०२१ रोजी नॉर्वेच्याच कार्स्टन वॉर्होमने ४०० मीटर अडथळ्यांचा २९ वर्षांचा विक्रम मोडला, ४६.७०, तोही बिस्लेटवरच.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. हौशी नियमांच्या काळातही धावपटूंना हजेरीचे पैसे मिळत, फक्त ते पाकिटातून आणि गुपचूप. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ही रक्कम खेळाडूच्या नावाच्या विश्वस्त निधीत जमा करण्याची मुभा दिली आणि व्यवहार उजेडात आला. यात झ्युरिकची स्पर्धा सर्वांत पुढे गेली. १९२८ पासून चाललेल्या या स्पर्धेला सत्तरच्या दशकापासून आंद्रेयास ऊर्फ रेस ब्रुगर या आयोजकाने वेगळ्या उंचीवर नेले. बँका प्रायोजक झाल्या, तिकिटे आधीच संपू लागली आणि लोक त्या संध्याकाळीला एका दिवसाचे ऑलिंपिक म्हणू लागले. १३ ऑगस्ट १९९७ रोजी लेट्झिग्रुंड मैदानावर विल्सन किपकेटरने ८०० मीटर, हाइले गेब्रसेलासीने ५००० मीटर आणि विल्सन बोइट किपकेटरने स्टीपलचेस असे तीन विश्वविक्रम लागोपाठ केले.

पण स्वित्झर्लंडची खरी श्रीमंती मला तिच्या नकाशात दिसते. झ्युरिक, लोझान, ल्युसर्न आणि घड्याळांचे गाव ला शो-द-फाँ, सगळी एकमेकांपासून दोन-तीन तासांच्या रेल्वेप्रवासात. ला शो-द-फाँ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर. तिथली हवा विरळ असल्याने वेगवान धावपटूंचे पाय हलके पडतात. केनिया किंवा जमैकाहून आलेला खेळाडू एका फेरीत तीन-चार शर्यती गाठतो, त्यामुळे विमानभाड्याचा भार कुठल्याही एका आयोजकावर पडत नाही. लहान स्पर्धा मोठ्या स्पर्धेच्या आधी किंवा नंतर दोन-तीन दिवसांनी ठेवली की निम्मे काम होते.

आता यात आणखी एक गोष्ट आली आहे. २०१९ पासून जागतिक क्रमवारीत प्रत्येक स्पर्धेला दर्जा असतो आणि त्यानुसार गुण मिळतात. ऑलिंपिकच्या पात्रतेत या गुणांचे वजन आहे. त्यामुळे जगातला पहिला-दुसरा पैशासाठी येतो, तर पंचविसावा ते साठावा गुणांसाठी येतो. आणि मैदान भरते ते या दुसऱ्या गटाने. चतुर आयोजक एका मोठ्या नावाबरोबर अशा दहा जणांना बोलावतात ज्यांना पात्रता वेळ गाठायची निकड आहे.

महाराष्ट्राशी याचा संबंध आहे, आणि तो बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून येतो. मांडव्याचा अविनाश साबळे वर्षानुवर्षे भारतातल्या मैदानांवर ३००० मीटर स्टीपलचेस धावला, राष्ट्रीय विक्रम स्वतःचेच मोडत राहिला, आणि त्यातल्या बहुतेक शर्यतींत पहिल्या काही फेऱ्यांनंतर त्याच्या आसपास कोणीही नसायचे. लँडीची जी अडचण मेलबर्नमध्ये, तीच त्याची पतियाळात. २०२२ मध्ये तो मोरोक्कोतल्या रबातला डायमंड लीग या एकदिवसीय स्पर्धांच्या मालिकेत धावला, ८:१२.४८. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये केनियन धावपटूंच्या घोळक्यात ८:११.२०, सुवर्णापासून पाच शतांश सेकंद दूर. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसला ८:०९.९१. भालाफेकपटू नीरज चोप्राची गोष्ट वेगळी नाही. त्याची दोन वर्षे आठवा: २०२२ मध्ये तुर्कूला ८९.३० मीटर, लोझानला ८९.०८, मग झ्युरिकला डायमंड लीगचे विजेतेपद. २०२४ मध्ये लोझानला ८९.४९. परदेशात लावलेल्या जोडींवर आपले सर्वोत्तम खेळाडू घडले.

५ जुलै २०२५ रोजी बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर नीरजच्याच नावाने भालाफेकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. नीरजने ८६.१८ मीटरने ती जिंकली. केनियाचा ज्युलियस येगो दुसरा, श्रीलंकेचा रुमेश पथिरगे तिसरा. मैदान भरले होते, आणि ते एका भाल्यासाठी भरले होते, हे विशेष. लोकसंख्येने आपण अवाढव्य असलो तरी मैदानी स्पर्धांच्या नकाशावर भारत छोटा देशच आहे, म्हणून डब्लिन-ऑस्लोचे हिशेब आपल्याला लागू पडतात. येगो, थॉमस रोलर यांना आणणारा नीरज स्वतः होता. जगभरच्या भालाफेकपटूंच्या मैत्रीतून ते आले. पुढचा टप्पा शेजार जोडण्याचा. दोहाची डायमंड लीग बहुधा मे महिन्यात असते आणि दोहा ते मुंबई विमानाने चार तासांच्या आत. पुण्याच्या बालेवाडीत २०१३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाल्या, तिथे ट्रॅक आहे आणि स्टीपलचेसचा पाण्याचा खड्डाही आहे. दोहानंतर चार-पाच दिवसांनी, ऊन उतरल्यावर रात्री आठ वाजता तिथे एकच स्टीपलचेस ठेवावी. दोन केनियन पेसमेकर, दोहाहून आलेले पाच-सहा जण, आणि त्यांच्या मागे ८:३०च्या आत येऊ पाहणारी आपली पोरे. साबळेला ही शर्यत घरी मिळाली नाही. त्याच्यानंतरच्या मुलाला ती पुण्यात मिळू शकते.